साल गेलं की गेली?

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गट करून वर्षभर एखाद्या खऱ्या कारखान्यात काम करायचं, तिथली एक खरी अडचण शोधायची आणि तिच्यावर उपाय करून दाखवायचा, असा विषय आमच्या बिदरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सुरू झाला, तेव्हा तो घ्यायला कुणीच तयार नव्हतं. मी तयार होतो असंही नाही. ज्या दिवशी बैठकीत ते ठरलं, त्या दिवशी मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पाऊल टाकलं तर शिपायापासून सगळे माझं अभिनंदन करायलेले.

तोवर प्रोजेक्ट म्हणजे काय, तर परीक्षेच्या तोंडावर हैदराबादहून एक छोटं मॉडेल आणायचं, त्याला नवा रंग द्यायचा आणि परीक्षकासमोर त्याचं चाक फिरवून दाखवायचं. काही मॉडेलं तर इतकी अनुभवी होती की त्यांना प्रश्नोत्तरं पाठ असावीत. मला त्याची फार चीड होती. म्हणून मग एका दुपारी बसून मी नव्या विषयाचे नियम लिहिले. त्यातला मुख्य नियम असा: यंत्र कारखान्यात चाललं पाहिजे आणि कारखान्याच्याच माणसांनी चालवलं पाहिजे, नाही चाललं तर नापास. कागदावरच्या यंत्राला गुण नाहीत. नियम लिहिताना माणूस फार शूर असतो. प्राचार्यांनी वाचून विचारलं, "आणि मुलांचं वर्ष गेलं तर?" ते म्हैसूरकडचे, मोजकं बोलणारे. मी म्हणालो, "जाणार नाही सर." कशाच्या जोरावर म्हणालो, ते आजही सांगता येत नाही.

माझ्या वाट्याला तिघं आली. आमच्याकडे मुलांना नावापेक्षा गावानं हाक मारायची पद्धत, त्यामुळे ती तिघंही माझ्या लक्षात गावानंच राहिलीत. एक नौबादची, हेडमास्तरांची मुलगी. मिलमध्ये जायचं म्हटल्यावर तिच्या आईनं हरकत घेतली, तेव्हा ही माझ्यासमोरच आईला म्हणाली, "मी इंजिनिअर व्हायलेय आई, तुळस न्हाई अंगणात लावून ठेवायला." दुसरा जनवाड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. हा बोलायचाच नाही. काही विचारलं की खिशातून खडू काढून जमिनीवर चित्र काढायचा. आणि तिसरा आळंद तालुक्यातला, निंबर्ग्याचा.

निंबर्ग्याच्याबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. पहिली अशी की गणितानं त्याचं एक वर्ष आधीच खाल्लेलं होतं. पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला, "सर, अप्पानं सांगितलंय, आणखी एक साल गेलं की पेटी उचलायचं आणि घरी यायचं. शेतात बैल वाट बघायलेत." हे त्यानं हसून सांगितलं, पण हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होते.

दुसरी गोष्ट त्याच्या मराठीची. घरी कन्नड, शेतात कन्नड. मराठी तो बाजारात आणि हॉस्टेलात शिकला. शब्द भरपूर, पण ती, तो, ते हा भेद त्याला मान्यच नव्हता. त्याचं बस यायचं, त्याचं भाकरी करपायचं, त्याचं चप्पल हरवायचं. मी दुरुस्त करायला जायचो. मास्तरकी अंगात मुरलेली, दुसरं काय.

"अरे, ती भाकरी."

"कामून सर? भाकरी बाई हाय का?"

"बाई नाही रे, पण ती."

"आणि तवा?"

"तो तवा."

"म्हणजे बाईला गड्यावर टाकून भाजायचं. हे कुणी ठरवलं सर? आमच्या कन्नडात जीव नसला की सगळं 'ते'. भांडण न्हाई."

मी म्हणालो, "अभ्यास कर."

मिल नौबादच्या रस्त्याला होती, तुरीच्या डाळीची. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दख्खनी अशा तिन्ही भाषा वापरायचे, आणि कामाच्या घाईत एखादा तेलुगू शब्दही पेरायचे. पोरांनी पहिल्या दिवशी प्रश्नांची फाईल नेली होती. अण्णांनी ती खुर्चीवर ठेवली, तिच्यावर स्वतः बसले आणि म्हणाले, "अरे मियाँ, कायकू परेशान होते? आधी महिनाभर नुसतं बघा. मग तुम्हालाच कळंल, काय विचारायचं ते."

मला हे इतकं आवडलं की मी तो लगेच कोर्सचा नियम करून टाकला, आणि पुढं बऱ्याच ठिकाणी स्वतःचा म्हणून सांगितला.

तूर म्हणजे मोठी हट्टी वस्तू. आधी तिला फिरत्या खरखरीत रोलवर घासून अंगावर ओरखडे काढायचे, तेलाचा हात द्यायचा, उन्हात वाळवायची आणि पुन्हा रोलवर घालायची. तेव्हा कुठं साल सुटते आणि आतला पिवळा गोटा दिसतो. तो फोडला की डाळ. सगळा खेळ उन्हाचा. ते पावसाळ्याचे दिवस होते. मिलच्या फरशीवर बायका तूर पसरायच्या, आभाळ आलं की गोळा करायच्या, ऊन पडलं की पुन्हा पसरायच्या. नौबादची त्यांच्यात बसून दिवसभर हेच बघत राहिली. महिना संपला तेव्हा अण्णांनी विचारलं, "काय दिसलं, बेटा?"

ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या मिलचा मालक ढग हाय."

अण्णांनी मान वर करून आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "बरोबर. त्याला नोकरीवरनं काढा."

बस, काम ठरलं. ढग असताना तूर वाळवायचं यंत्र. जळण म्हणून तुराट्या, कारण तूर निघाल्यावर शेताशेतांत त्यांचे भारे पडलेले असायचे आणि त्यांना चुलीपलीकडं कुणी विचारत नसे.

जनवाड्याच्यानं मिलच्या एका कोपऱ्यात फरशीवर खडूनं यंत्र काढलं. सकाळी झाडणाऱ्या बाईनं ते झाडून टाकलं. त्यानं पुन्हा काढलं. तिनं पुन्हा झाडलं. पोरगं तक्रार करेना आणि बाई थांबेना, असं बरेच दिवस चाललं. मला वाईट वाटून मी त्याला म्हणालो, "अरे, कागदावर काढ की." त्यावर तो चक्क बोलला. "सर, रोज नवं काढलं की रोज एक चूक कमी होतीया." शेवटी अण्णांनीच बाईला तो कोपरा सोडायला सांगितलं, पण तोवर चित्र बरंच सुधारलं होतं. या पोरानं दुसरं काही केलं नसतं तरी तेवढ्यासाठी मी त्याला पास केलं असतं. फक्त माझा नियम आडवा येत होता.

पहिलं यंत्र दिवाळीनंतर उभं राहिलं. जुनी पिंपं कापून केलेलं. खाली तुराट्या पेटवायच्या आणि वर तूर. तूर वाळली. साल मात्र निम्मीच निघाली. आणि जी डाळ झाली, ती तिघांनी मोठ्या अभिमानानं माझ्या घरी आणून दिली. आमच्या घरी त्या दिवशी तिचं वरण झालं. शेजारच्या आजी विचारायला आल्या, काही जळलंय का. बायकोनं माझ्या ताटात वरण वाढलं आणि पोरांकडं बघून म्हणाली, "बाळांनो, चव चांगली आहे. पण हे जेवायचं की डास पळवायला कोपऱ्यात ठेवायचं?"

तिघंही हसली. निंबर्ग्याचा हसता हसता थांबला आणि म्हणाला, "सर, अर्धं साल गेलं."

"अर्धी साल गेली म्हण," मी सवयीनं म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, दोन्ही खरंय त्याचं. जानेवारी उजाडायला आली."

त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

आमच्या भागात हा शब्द तसाही जपून वापरावा लागतो. मराठीत साल म्हणजे वर्ष, आणि साल म्हणजे टरफलही. कन्नडात साल म्हणजे कर्ज. आणि दख्खनी बोलणाऱ्यासमोर नुसतं 'साला' म्हणालात तर पुढचं संभाषण हातानं होतं. अण्णा निंबर्ग्याच्याला म्हणायचे, "अरे, गिऱ्हाइकासमोर 'साल, साल' ओरडू नको. त्याला वाटंल मी बुडायलोय."

धुराची अडचण सोडवली नौबादचीनं. पुस्तकांत तिला सापडलेले उपाय बिदरमध्ये मिळणाऱ्या कुठल्याच सामानातून होण्यासारखे नव्हते. एके दिवशी ती सकाळी सकाळी माझ्या दारात उभी. केस ओले, वेणीचा पत्ता नाही.

"सर, तुमच्याकडं बंब आहे?"

"आहे की. अंघोळ राहिलीय का तुझी?"

"बंबात पाण्याला धूर लागतो का सर?"

मी तोंडात ब्रश धरून उभा होतो. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव असतो, धूर त्या नळीनंच वर निघून जातो, आणि पाणी नळीच्या बाहेर राहून तापतं. मी जन्मभर त्या पाण्यानं अंघोळ केली, आणि उष्णतेवर व्याख्यानंही दिली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "पाण्याच्या जागी वारा," ती म्हणाली. "वारा तापवायचा, आणि तो तुरीतनं सोडायचा. धूर आपल्या वाटेनं जाऊ दे, तूर आपल्या."

आम्ही सगळे आमच्या न्हाणीघरात. ती बंबावर हात ठेवून बोलायली, मी ब्रश हातात घेऊन माना डोलवायलो आणि बायको दारातून विचारायली, "चहा इथंच आणू का?" एखादी कल्पना जन्मताना बघायला मिळणं हे मास्तराचं मोठं भाग्य. माझ्या बाबतीत ते तोंडात फेस असताना लाभलं, एवढंच.

यंत्राचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण मिलमध्ये त्याला सगळे बंबच म्हणायला लागले. उन्हाळा त्यातच गेला. जनवाड्याच्यानं नळ्या बसवल्या. निंबर्ग्याचा सारखा तूर चिमटीत धरून चावून बघायचा, दातावर तिचा आवाज कसा होतो ते ऐकायचा आणि नौबादचीला सांगायचा. ती आच कमी-जास्त करायची. तिघांच्या तीन तऱ्हा, पण काम बघताना मला कधी तीन माणसं दिसली नाहीत. एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा, तिसरा त्यावर खडूनं रेघ ओढायचा. भांडणंही व्हायची. निंबर्ग्याचा भांडणात एकदम कन्नडात शिरायचा आणि नौबादची त्याला तिथंही गाठायची.

परीक्षेचा दिवस ठरला तो आभाळाचा. मला बरंच वाटलं. ढगासमोरच ढगाला नोकरीवरून काढायचं होतं. पण आदल्या दिवशी नळ्यांचा एक जोड निसटला आणि तुरीची साल पुन्हा अर्धवट निघाली. पोरांनी तो जोड पुन्हा बसवला, पण चालवून बघायला वेळ उरला नाही. म्हणजे परीक्षेच्या सकाळचं चालवणं तेच पहिलं आणि तेच शेवटचं.

मी मिलमध्ये नव्हतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना बसस्टँडवर घ्यायला मलाच जायचं होतं. शिवाय मास्तर समोर असला की पोरं यंत्राऐवजी मास्तराच्या तोंडाकडं बघतात, असाही माझा एक सिद्धान्त होता. परीक्षक धारवाडकडचे, वयानं मोठे, मराठी छान बोलणारे. येताना त्यांना पोरांच्या तुरीची सगळी हकिकत सांगितली. प्राचार्यांच्या खोलीत बसवून चहा सांगितला, तोच ऑफिसातून शिपाई आला. "सर, मिलमधनं फोन."

मी धावलो. फोनमध्ये आधी नुसती घरघर, मागं रोलचा आवाज. मग निंबर्ग्याचा आवाज आला, चिरकलेला.

"सर! गेलं सर! पूर्ण साल गेलं!"

"काय झालं? जोड पुन्हा—"

"सगळं साल गेलं सर!" आणि फोन बंद.

मी तिथंच बाकावर बसलो. डोळ्यांसमोर बैल आले, पेटी आली, कधीही न पाहिलेला त्याचा अप्पा आला. माझ्या एका शूर दुपारच्या नियमानं तीन गुणी पोरांचं वर्ष घालवलं होतं. मग मी उठलो, शर्ट नीट केला आणि मनात भाषण जुळवत प्राचार्यांच्या खोलीत गेलो. नियम माझा आहे, दोष माझा आहे, हा विषय माझ्याकडून काढून घ्या पण पोरांना काही करून पास करा, असं मोठं उदात्त भाषण होतं ते. पण तोंडातून एवढंच निघालं:

"पोरांचं साल गेलं हो."

परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! मग चांगलंच झालं की. चला, बघू या."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. माणूस एवढा निर्दय असू शकतो? जीपमध्ये मी हळूच म्हणालो, "साहेब, निदान निंबर्ग्याच्या पोराचं तरी बघा. त्याचं एक साल आधीच गेलंय."

"एकदा आधी, पुन्हा आता? मग तर जास्तच स्वच्छ झालं असणार."

मी उरलेल्या वाटेत खिडकीबाहेर बघत बसलो. असल्या माणसाशी काय बोलायचं!

मिलच्या दारात अण्णा उभे होते. त्यांनी काही न बोलता माझा हात ओढला, तळवा उघडला आणि त्यावर मूठ रिकामी केली. पिवळा, गुळगुळीत गोटा. एका दाण्यावर टरफलाचा तुकडा नाही. आत बंब धडधडत होता. तूर वाळवणाऱ्या त्याच बायका त्यात तूर ओतत होत्या, आणि वर आभाळ काळंभोर. तिघंही नखशिखांत धुळीनं माखलेली, फक्त दात दिसायलेले.

"फोनवर सांगितलं की सर," निंबर्ग्याचा म्हणाला. "साल गेलं म्हणून."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरी खोड जाते का? मी तोंड उघडलंच, "अरे गाढवा, ती साल... साल गेली असं..."

"सर," जनवाड्याचा म्हणाला, "आज राहू द्या."

परीक्षकांनी तिघांना मन लावून प्रश्न विचारले. नौबादचीनं उत्तरं दिली, जनवाड्याच्यानं ती फरशीवर काढून दाखवली. सगळं आटोपल्यावर मी निंबर्ग्याच्याला म्हणालो, "आता घरी कळव बाबा."

"कळवलं की. सकाळीच इथनं रस्त्यावर पळत गेलो आणि कलबुर्ग्याच्या बसच्या कंडक्टरला निरोप दिला. तो आळंदच्या बसवाल्याला सांगतो, तो निंबर्ग्याच्या स्टँडवर."

"काय सांगितलंस?"

"अप्पाला सांगा, पूर्ण साल गेलं."

मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं. "कन्नडात?" मी विचारलं.

"कंडक्टर मराठी होता सर."

अण्णा पोट धरून खाली बसले. मी पोराला पहिल्या बसनं निंबर्ग्याला पळवायचं ठरवलं. पण तोवर शेवटची बस निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आणि तो तिकडं पोचायच्या आत त्याचा अप्पा इकडं माझ्या दारात उभा होता. डोक्याला रुमाल, हातात नवा दोर. कुठल्या तरी फाट्यावर बापलेकांच्या बस एकमेकींना ओलांडून गेल्या असाव्यात.

"नमस्कार सर. पोराचं पेटी न्यायला आलोय," तो शांतपणे म्हणाला. "निरोप मिळालं."

"अप्पा, आत या. आधी जेवा."

"जेवण नको सर. पोरगं कुठं हाय? त्याला रागावणार न्हाई मी. त्यानं कष्ट केलं असंल. साल गेलं तर गेलं."

एवढं बोलून त्यानं दोराची गुंडाळी हातात फिरवली. मी समजवायला गेलो, पण जो शब्द हवा होता, त्यानंच सगळा घोळ घातला होता. शेवटी बायकोनंच पाट मांडला, ताट वाढलं. गरम भात, वर वरण, आणि शेजारी वाटीत मूठभर कोरडी डाळ, बंबातून निघालेली. "अप्पा, तुमच्या पोरानं केलीय," ती म्हणाली. "आभाळात."

अप्पानं आधी वाटी उचलली. डाळ तळव्यावर घेतली, उजेडाकडं नेली, अंगठ्यानं उलटीपालटी केली. जन्मभर तूर पिकवलेला माणूस. त्याचं बघणं संपेपर्यंत आम्ही दोघं उभेच. मग त्यानं दोर पाटाखाली सारला आणि भातात वरण कालवलं. एक घास खाल्ला.

"धूर न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," मी म्हणालो.

"ढगात वाळवलं व्हय हे?"

"व्हय."

त्यानं पुन्हा डाळीकडं बघितलं. "साल चांगलं गेलंय, सर."

माझी जीभ सवयीनं पुढं आली होती. मी ती आवरली.

"व्हय अप्पा," मी म्हणालो. "फार चांगलं गेलं."